नाइटपद (मध्ययुगीन युरोप)

नाइटपद हे मध्ययुगीन युरोपात घोडेस्वार योद्ध्याला विधिपूर्वक दिले जाणारे पद होय. जमीन, किताब किंवा राज्य वारसाहक्काने मिळू शकत असे. नाइटपद मात्र जन्मतः कोणालाही मिळत नसे. राजपुत्रालाही ते दुसऱ्याकडून स्वीकारावे लागे आणि ते देणारा सामान्यतः स्वतः नाइट असे. साधारणपणे अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान या पदाला विशेष महत्त्व होते. ते मिळवू इच्छिणाऱ्याला तीन गोष्टींची पूर्तता करावी लागे : लहानपणापासूनचे दीर्घ शिक्षण, घोडा व शस्त्रास्त्रे यांसाठी लागणारा मोठा खर्च आणि अखेरचा दीक्षाविधी. हा क्रम सर्व देशांत व सर्व काळांत सारखा नव्हता. चौदाव्या वर्षी दीक्षा मिळालेले नाइट आढळतात, तसेच आयुष्यभर दीक्षा न घेतलेले कुलीन योद्धेही आढळतात.

संज्ञा

इंग्रजीतील ‘नाइट’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘क्निख्त’ या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ मुलगा किंवा सेवक असा होता. इतर युरोपीय भाषांतील शब्द मात्र घोड्याशी निगडित आहेत. फ्रेंच ‘शव्हालिए’, स्पॅनिश ‘काबायेरो’ आणि इटालियन ‘काव्हालिएरे’ हे घोडावाचक शब्दांपासून, तर जर्मन ‘रिटर’ हा स्वारवाचक शब्दापासून बनला. लॅटिन कागदपत्रांत ‘मिलेस’, म्हणजे सैनिक, हा शब्द वापरला जाई. सेवक आणि स्वार हे दोन्ही अर्थ या पदाच्या इतिहासात अखेरपर्यंत टिकून राहिले.

मराठीत नाइटसाठी ‘सरदार’ हा शब्द रूढ आहे. परंतु तो पुरेसा नेमका नाही. सरदाराच्या हाताखाली फौज असते. नाइटच्या हाताखाली ती असेलच असे नाही. स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा या अर्थाने मराठेशाहीतील शिलेदार त्याला अधिक जवळचा आहे. तथापि शिलेदारीला धार्मिक दीक्षेची जोड नव्हती, म्हणून या लेखात मूळ शब्दच वापरला आहे. बुद्धिबळातील ज्या मोहऱ्याला मराठीत घोडा म्हणतात, त्याला इंग्रजीत नाइट म्हणतात.

उगम

तरुणाला समारंभपूर्वक शस्त्रे देण्याची प्रथा नाइटपदापेक्षा पुष्कळ जुनी आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात जर्मन टोळ्यांमध्ये भरसभेत तरुणाला ढाल व भाला दिला जात असल्याची नोंद आहे. शार्लमेनचा पुत्र लुई याच्या कमरेला इ.स. ७९१मध्ये आणि त्याचा नातू चार्ल्स याच्या कमरेला इ.स. ८३८मध्ये तलवार बांधण्यात आल्याचे उल्लेख मिळतात. ही वयात आल्याची खूण होती. तिला अद्याप नाइटपदाचे रूप आलेले नव्हते.

दहाव्या व अकराव्या शतकांत किल्लेदार व जमीनदार यांनी आपल्या पदरी घोडेस्वार बाळगण्यास सुरुवात केली. त्यांतील अनेकजण साधारण स्थितीतले होते आणि धन्याच्या घरी राहून, त्याचे अन्न खाऊन लढत. अकराव्या शतकाच्या अखेरीस भाला काखेत घट्ट दाबून घोड्याच्या वेगासह शत्रूवर चालून जाण्याची पद्धत रूढ होऊ लागली. या पद्धतीला मजबूत घोडा, उंच खोगीर, रिकीब आणि वर्षानुवर्षांचा सराव लागे. स्वाभाविकच हे काम फावल्या वेळात शेती सोडून येणाऱ्या माणसाचे राहिले नाही. इ.स. १०८६मध्ये पेंटेकॉस्टच्या सणाला पहिला विल्यम या इंग्लंडच्या राजाने आपला पुत्र हेन्री यास वेस्टमिन्स्टर येथे दीक्षा दिली. यावरून राजपुत्रालाही हे पद भूषणावह वाटू लागले होते असे दिसते.

याच सुमारास चर्चने या योद्ध्यांना वळण लावण्याचा प्रयत्न चालवला. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून भरलेल्या धर्मसभांनी शेतकरी, पुरोहित व व्यापारी यांच्यावर हल्ले करण्यास मनाई केली. इ.स. १०९५मध्ये दुसरा अर्बन या पोपने क्लेरमाँ येथे पहिल्या धर्मयुद्धाचे आवाहन केले. पुढे टेम्प्लर, हॉस्पिटलर यांसारखे लढाऊ धर्मसंघ निर्माण झाले. तलवार ही ईश्वरसेवेचे साधन आहे, ही कल्पना या घडामोडींतून दृढ झाली आणि दीक्षाविधीत उतरली.

पात्रता

प्रारंभी एखादा धाडसी सेवक धन्याच्या कृपेने नाइट होऊ शकत असे. बाराव्या शतकात हा मार्ग अरुंद होत गेला. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या कायद्यांनी नाइटकुळात न जन्मलेल्यांना दीक्षेची बंदी केली. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस पुरोहितांच्या व शेतकऱ्यांच्या मुलांना नाइटचा कमरपट्टा बांधण्यास मनाई केली. टेम्प्लर संघातही तेराव्या शतकात पांढरा झगा घालण्यासाठी उमेदवार नाइटचा पुत्र असणे आवश्यक ठरले. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या ‘सिएते पार्तिदास’ या कायदेसंहितेत पदास अपात्र असणाऱ्यांची यादीच दिली आहे. तीत अतिशय गरीब माणूस, शस्त्र चालवण्यास शरीराने असमर्थ असलेला आणि स्वतः व्यापार करणारा यांचा समावेश होतो.

या नियमांना अपवादही होते. जर्मन प्रदेशात ‘मिनिस्टेरियाल’ नावाचा वर्ग होता. या वर्गातील लोक कायद्याने धन्याच्या मालकीचे व पराधीन होते. तरीही ते घोड्यावरून लढत, किल्ले सांभाळत आणि नाइट म्हणवत. इंग्लंडमधील सर रॉबर्ट सॉल हा गवंड्याचा मुलगा असून तिसऱ्या एडवर्डने त्याला शौर्याबद्दल नाइट केल्याचे इतिवृत्तकार फ्रॉइसार्ट सांगतो. इ.स. १३८१च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी सॉलला, तो आपल्यातलाच आहे म्हणून, नेतृत्व करण्यास विनवले. त्याने नकार देताच नॉरिचजवळ तो मारला गेला. अशी उदाहरणे थोडीच असली, तरी शौर्याचा मार्ग पूर्णपणे बंद झालेला नव्हता हे त्यांवरून कळते.

शिक्षण

कुलीन घरातील मुलगा साधारण सातव्या वर्षी आईच्या हाताखालून निघे आणि बहुधा दुसऱ्याच्या घरी, मामाकडे किंवा वडिलांच्या धन्याकडे, पाठवला जाई. या अवस्थेत त्याला पेज म्हणत. निरोप पोहोचवणे, पंगतीत वाढणे, घरातील स्त्रियांची कामे करणे आणि त्यांच्याकडून रीतभात शिकणे हा त्याचा दिनक्रम असे. घोड्यावर बसणे, शिकार, ससाणे हाताळणे व बुद्धिबळ यांचाही परिचय होई. काहींना घरच्या पुरोहिताकडून लिहिण्यावाचण्याचे शिक्षण मिळे.

साधारण चौदाव्या वर्षी तो स्क्वायर होई. हा शब्द ढाल वाहणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. स्क्वायर धन्याच्या घोड्यांची निगा राखी, चिलखत घासून गंजमुक्त ठेवी, धन्याला ते चढवण्यास मदत करी आणि लढाईत राखीव घोडा व भाले घेऊन मागे उभा राही. मेजवानीत धन्यापुढे मांस कापून वाढणे हे त्याच्या मानाचे काम समजले जाई. फ्रेंच इतिवृत्तकार जॉइनव्हिल याने इ.स. १२४१मध्ये सोम्यूर येथील राजमेजवानीत नाव्हारच्या राजापुढे हे काम केले होते. त्या वेळी आपण अद्याप चिलखत चढवले नव्हते असे त्याने नमूद केले आहे.

शस्त्राभ्यासासाठी लाकडी खांब, बोथट तलवारी आणि ‘क्विंटेन’ हे साधन वापरत. क्विंटेन म्हणजे फिरत्या आडव्या दांड्याला एकीकडे ढाल आणि दुसरीकडे वजन बांधलेला खांब. दौडत्या घोड्यावरून ढालीवर भाला मारून स्वार चटकन पुढे निघून गेला नाही, तर फिरून आलेले वजन त्याच्या पाठीत बसे. फ्रेंच सेनापती बूसिको याच्या पंधराव्या शतकातील चरित्रात त्याच्या तरुणपणीच्या कसरतींचे वर्णन आहे. तो चिलखत घालून घोड्यावर उडी मारून बसे आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या आतल्या बाजूने केवळ हातांच्या जोरावर वर चढे. त्याला इ.स. १३८२मध्ये रोझबेकच्या लढाईच्या वेळी, सोळाव्या वर्षी, दीक्षा मिळाली.

कॅटलान विचारवंत रामोन लुल याने इ.स. १२७५च्या सुमारास नाइटपदावर एक ग्रंथ लिहिला. नाइटच्या मुलाने प्रथम दुसऱ्याची चाकरी करावी व घोड्याची निगा शिकावी. स्वतः सेवा केल्यावाचून त्याला सेवकांचा धनी होण्याचे मर्म कळणार नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद विल्यम कॅक्स्टन याने इ.स. १४८४मध्ये छापला.

खर्च

शिक्षण पूर्ण झाले तरी दीक्षा लगेच मिळेच असे नाही. युद्धाचा घोडा, प्रवासाचा घोडा, सामान वाहणारी जनावरे, चिलखत, शिरस्त्राण, ढाल, तलवार, भाले, मोतद्दार व स्क्वायर यांचा पगार आणि समारंभाची वस्त्रे व मेजवानी यांचा भार लहान जमीनदाराला पेलत नसे. वडिलांची जमीन थोरल्या मुलाला जाण्याची प्रथा जेथे होती, तेथे धाकट्या मुलांना एखाद्या श्रीमंत धन्याच्या औदार्याची वाट पाहावी लागे.

मोठ्या घराण्यांनी हा खर्च आपल्या कुळांवर व मांडलिकांवर टाकला. थोरल्या मुलाच्या दीक्षेसाठी मांडलिकांकडून पैसा घेण्याचा धन्याचा हक्क मान्य झालेला होता. इ.स. १२१५च्या मॅग्ना कार्टामध्ये सर्वसंमतीशिवाय राजाला जी वर्गणी घेता येईल तिची तीनच कारणे सांगितली आहेत : राजाला कैदेतून सोडवणे, त्याच्या थोरल्या मुलाची नाइटदीक्षा आणि थोरल्या मुलीचे एकदा होणारे लग्न. इ.स. १२७५मध्ये इंग्लंडात इतर धन्यांनी घ्यावयाच्या अशा वर्गणीचा दर दर नाइट-जहागिरीमागे २० शिलिंग ठरवण्यात आला. एका तरुणाच्या कमरेला तलवार बांधली जात असता तिचा काही भार कुळांच्या खांद्यावर येत होता.

दीक्षाविधी

आरंभीचा विधी साधा होता. धनी तरुणाच्या कमरेला तलवार बांधी आणि मानेवर किंवा गालावर हाताने एक जोरकस फटका मारी. या फटक्याला फ्रेंचमध्ये ‘कोले’ म्हणत. नाइटने उलट फटका न देता सहन केलेला हा शेवटचा प्रहार, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला. तलवारीच्या पात्याने खांद्याला हलका स्पर्श करण्याची आज परिचित असलेली पद्धत त्यानंतरची आहे.

बाराव्या शतकात विधीचा विस्तार झाला. जॉन ऑफ सॉल्झबरी याने इ.स. ११५९मध्ये पूर्ण केलेल्या ‘पोलिक्रॅटिकस’ या ग्रंथात नवा नाइट चर्चमध्ये जाऊन आपली तलवार वेदीवर अर्पण करतो अशी नोंद केली आहे. आंजूचा जेफ्री याला इ.स. ११२८मध्ये रूआँ येथे पहिल्या हेन्रीने दीक्षा दिली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. या समारंभाचे वर्णन सुमारे अर्धशतकानंतर जॉन ऑफ मार्मूतिए याने लिहिले. त्यानुसार जेफ्रीने स्नान केले, तलम वस्त्रे व जरीचा अंगरखा घातला, सोनेरी सिंहांची चित्रे असलेली ढाल गळ्यात अडकवली आणि राजाच्या खजिन्यातील तलवार स्वीकारली. त्याच्याबरोबर इतर तरुणांनाही दीक्षा मिळाली.

पूर्ण स्वरूपातील विधीत पुढील टप्पे असत. आदल्या दिवशी उमेदवार स्नान करी. नंतर चर्चमध्ये वेदीपुढे शस्त्रे ठेवून रात्रभर उभ्याने किंवा गुडघे टेकून जागरण करी. पहाटे पापनिवेदन व मिस्सा होई. धर्मगुरू तलवारीला आशीर्वाद देई. मग टाचांना सोन्याचा मुलामा दिलेल्या आरा बांधल्या जात, कमरेला तलवार बांधली जाई आणि कोलेने विधी पूर्ण होई. त्यानंतर नवा नाइट घोड्यावर स्वार होऊन आपले कौशल्य दाखवी. मांदचा बिशप गीयोम द्युराँ याने तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या धर्मविधिग्रंथात नव्या नाइटला आशीर्वाद देण्याचा स्वतंत्र विधी आहे.

या खुणांचा अर्थ तेराव्या शतकातील ‘ऑर्देन द शव्हालरी’ या फ्रेंच काव्यात सांगितला आहे. त्यातील कल्पित कथेनुसार, कैदेत पडलेला टायबेरियसचा ह्यू हा सलाउद्दीनला त्याच्या आग्रहावरून नाइटदीक्षेचा विधी करून दाखवतो. स्नान म्हणजे पापक्षालन, शुभ्र वस्त्र म्हणजे देहाची शुद्धता, तांबडा झगा म्हणजे धर्मासाठी सांडावयाचे रक्त, गडद पायमोजे म्हणजे ज्या मातीत जावयाचे ती माती आणि दुधारी तलवार म्हणजे न्याय व निष्ठा, असा उलगडा तो करतो. शेवटचा फटका मात्र तो देत नाही. ज्याचा आपण कैदी आहोत त्याच्यावर हात उगारणे त्याला अनुचित वाटते.

दीक्षा दुसऱ्याकडूनच घ्यावयाची असल्याने राजांपुढे वेगळाच पेच उभा राही. कारण ज्याच्या हातून दीक्षा घ्यावी त्याचे वडीलपण मान्य केल्यासारखे होई. कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फोन्सो याने इ.स. १३३२मध्ये सांतियागो येथे यातून मार्ग काढला. त्याने वेदीवरील शस्त्रे स्वतःच्या हाताने धारण केली आणि संत जेम्स यांच्या मूर्तीच्या हलत्या हाताकडून फटका घेतला.

सामूहिक व रणभूमीवरील दीक्षा

सण, राज्याभिषेक व राजविवाह या प्रसंगी अनेकांना एकाच वेळी दीक्षा देत. इ.स. १३०६मध्ये पेंटेकॉस्टच्या दिवशी पहिल्या एडवर्डने आपल्या मुलाला वेस्टमिन्स्टर येथे नाइट केले आणि त्या राजपुत्राने अडीचशेहून अधिक तरुणांना दीक्षा दिली. स्कॉटलंडवरील मोहिमेसाठी योद्धे जमवणे हा यामागील हेतू होता. मठाच्या चर्चमध्ये इतकी गर्दी झाली की वेदीजवळच्या चेंगराचेंगरीत दोन नाइट मरण पावल्याचे तत्कालीन इतिवृत्तात नमूद आहे.

युद्धप्रसंगी स्नान, जागरण, मेजवानी हे सर्व वगळून फटका व काही शब्द एवढ्यावर विधी उरके. इ.स. १३४६मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताच तिसऱ्या एडवर्डने सोळा वर्षांच्या युवराजाला, म्हणजे पुढे ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या एडवर्डला, नाइट केले. मरण्यापूर्वी पद मिळावे ही तरुणांची इच्छा आणि नव्या नाइटांनी ईर्ष्येने लढावे ही सेनापतीची अपेक्षा, अशी दोन्ही कारणे अशा दीक्षांमागे असत. इ.स. १३३९मध्ये लढाईच्या अपेक्षेने समोरासमोर उभ्या असलेल्या इंग्रज व फ्रेंच सैन्यांची हकिकत फ्रॉइसार्टने दिली आहे. फ्रेंचांपुढून एक ससा पळाला, आरडाओरड झाली, लढाई सुरू झाली असे समजून मागच्या बाजूस घाईने काहींना नाइट करण्यात आले. लढाई झालीच नाही. त्या बिचाऱ्यांना मात्र ‘सशाचे नाइट’ हे नाव चिकटले.

विल्यम मार्शल : एक उदाहरण

नाइट होणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे विल्यम मार्शल (सु. ११४६–१२१९) याच्या चरित्रावरून चांगले समजते. त्याच्या मृत्यूनंतर १९,०००हून अधिक ओळींचे चरित्रकाव्य रचले गेले. हे काव्य विस्मृतीत गेले होते. फ्रेंच अभ्यासक पॉल मेयर याने एकोणिसाव्या शतकात ते शोधून प्रसिद्ध केले.

विल्यम हा इंग्लंडमधील एका मध्यम सरंजामदाराचा धाकटा मुलगा असल्याने त्याच्या वाट्याला जमीन येणार नव्हती. त्याला नॉर्मंडीतील नातेवाईक टांकारव्हिलचा विल्यम याच्याकडे पाठवण्यात आले. तेथे स्क्वायर म्हणून काही वर्षे काढल्यावर वयाच्या विशीच्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली. लगेचच द्रँकूर येथे झालेल्या चकमकीत तो शौर्याने लढला, पण त्याचा घोडा मारला गेला. शत्रूचे घोडे व सामान हस्तगत करण्याचे त्याला सुचले नाही. रात्रीच्या भोजनात एसेक्सच्या अर्लने त्याच्याकडे थट्टेने घोड्याचा एखादा जुना पट्टा मागितला. आपल्याजवळ तसले काही नाही, असे तरुणाने भाबडेपणाने सांगताच पंगतीत हशा पिकला. घोड्यावाचून नाइट निरुपयोगी ठरतो, म्हणून दीक्षेच्या वेळी मिळालेला झगा २२ शिलिंगांना विकून त्याने साधे तट्टू घेतले.

पुढे धन्याने दिलेल्या घोड्यावरून तो ल मान्सजवळच्या टूर्नामेंटमध्ये उतरला. त्या काळातील टूर्नामेंट म्हणजे दोन जथ्यांमधील मोठे नकली युद्ध असे. त्यात पकडलेल्या नाइटचा घोडा व चिलखत जेत्याचे होई आणि सुटकेसाठी पैसे मिळत. चर्चने इ.स. ११३०पासून त्यावर बंदी घातली होती, तरी जमीन नसलेल्या तरुणांसाठी तो उपजीविकेचा मार्ग होता. मार्शलने एका सहकाऱ्याबरोबर दहा महिन्यांत १०३ नाइट पकडल्याचे चरित्रकाव्य सांगते. त्याला स्वतःची मोठी जहागीर मिळाली ती इ.स. ११८९मध्ये इझाबेल द क्लेअर हिच्याशी विवाह झाल्यावर, वयाच्या चाळिशीनंतर. इ.स. १२१६मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीला राज्याभिषेकापूर्वी नाइट करण्याचा मान त्यालाच मिळाला आणि त्यानंतर तो राज्याचा कारभारी झाला.

सक्तीची दीक्षा व पदच्युती

तेराव्या शतकात खर्च व जबाबदाऱ्या वाढल्यामुळे अनेक पात्र जमीनदार दीक्षा टाळू लागले. त्यामुळे योद्धे कमी पडत, तसेच ज्युरी व चौकशीच्या ज्या कामांना नाइटच लागत तीही अडत. म्हणून इंग्लंडच्या राजांनी सक्तीचा मार्ग अवलंबला. इ.स. १२७८मध्ये वर्षाला २० पौंडांचे उत्पन्न देणारी जमीन असणाऱ्यांनी नाइट व्हावे असा हुकूम निघाला. जे होणार नाहीत त्यांना दंड भरावा लागे. कालांतराने दंड हेच राजाचे उद्दिष्ट झाले. पहिल्या चार्ल्सने ही जुनी प्रथा पैशासाठी पुन्हा उकरून काढली, तेव्हा संसदेने इ.स. १६४१मध्ये ती रद्द केली.

पद काढूनही घेता येत असे. स्कॉटलंडशी परस्पर तह केल्याबद्दल राजद्रोही ठरलेला कार्लाइलचा अर्ल अँड्र्यू हार्कले याला इ.स. १३२३मध्ये देहदंड देण्यात आला. त्यापूर्वी त्याची तलवार सोडवून घेण्यात आली आणि टाचांवरच्या आरा तोडण्यात आल्या. दीक्षेचा विधी जणू उलट क्रमाने पार पाडला गेला.

आदर्श व वास्तव

विधवा, अनाथ व दुर्बल यांचे रक्षण करणे हे नाइटचे कर्तव्य म्हणून दीक्षेच्या वेळी सांगितले जाई. प्रत्यक्षात या नीतीचा लाभ मुख्यतः नाइटांनाच होई. शत्रूपक्षाचा नाइट पकडून त्याच्याकडून खंडणी घेत. पायदळातील सामान्य माणसाकडून काही मिळण्यासारखे नसल्याने त्याला सहसा अभय नसे. शंभर वर्षांच्या युद्धात शत्रूचा मुलूख जाळत व लुटत जाणाऱ्या मोहिमा हे नेहमीचे युद्धतंत्र होते. ब्लॅक प्रिन्सने इ.स. १३५५मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये अशीच मोहीम काढली. तरीही आदर्श निष्फळ होता असे म्हणता येत नाही. शरण आलेल्याला न मारणे, दिलेला शब्द पाळणे आणि कैद्याला सन्मानाने वागवणे या कल्पना त्यामुळे रुजल्या, आणि नाइटांच्या दुर्वर्तनावर टीका करणाऱ्यांना मोजमापाचा दंडही त्यातूनच मिळाला.

ऱ्हास व उत्तरकाळ

इ.स. १३०२मध्ये कोर्त्रैक येथे फ्लेमिश शहरांच्या पायदळाने फ्रेंच नाइटांचा पराभव केला. मृतांच्या सोनेरी आरा गोळा करून तेथील चर्चमध्ये टांगण्यात आल्या. क्रेसी (१३४६) व आझँकूर (१४१५) येथे इंग्रज धनुर्धरांनी घोडदळाची मर्यादा दाखवून दिली. पगारी सैन्य व तोफा यांमुळे नाइटचे लष्करी महत्त्व ओसरत गेले. मानाचे महत्त्व मात्र वाढले. तिसऱ्या एडवर्डने इ.स. १३४८च्या सुमारास स्थापन केलेला गार्टर आणि बर्गंडीच्या ड्यूकने इ.स. १४३०मध्ये स्थापन केलेला गोल्डन फ्लीस यांसारख्या राजसंघांचे सभासदत्व ही प्रतिष्ठेची परमावधी ठरली. इ.स. १६०५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीत नायक खानावळीच्या अंगणात शस्त्रांचे जागरण करतो आणि खानावळवाल्याकडून दीक्षा घेतो. तोपर्यंत हा विधी विनोदाचा विषय झाला होता.

चिलखत घातलेल्या नाइटला यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे, ही समजूत चुकीची आहे. ‘हेन्री द फिफ्थ’ (१९४४) या चित्रपटात असे दृश्य आहे. युद्धात वापरावयाचे पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोग्रॅमचे असे आणि त्याचा भार सर्वांगावर विभागलेला असल्याने ते घालून धावता व उडी मारता येई.

ब्रिटिश अमलात हे पद मानाचा किताब म्हणून भारतात आले. मुंबईचे दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभाई हे इ.स. १८४२मध्ये नाइट झालेले पहिले भारतीय होत. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, सर नारायण गणेश चंदावरकर यांच्या नावांमागील ‘सर’ ही उपाधी याच परंपरेतील आहे. रवींद्रनाथ टागोर यांनी जालियनवाला बाग हत्याकांडाच्या निषेधार्थ इ.स. १९१९मध्ये या किताबाचा त्याग केला. स्वतंत्र भारताच्या संविधानातील १८व्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक उपाधी वगळता राज्याने किताब देणे बंद केले आणि नागरिकांना परकीय राज्याकडून किताब स्वीकारण्यास मनाई केली.